फेलोशिप येईपर्यंत

(दिवाळीच्या सुटीत सेमाडोह येथे पदव्युत्तर विद्यार्थी व पालक यांचा मेळावा झाला. त्यात एका संशोधक विद्यार्थिनीने केलेले भाषण वाचकांसाठी देत आहोत.)



मला सांगितलं आहे की वीस मिनिटं बोल, तुझा अनुभव सांग आणि शेवटी आभार मान. आभार मी आत्ताच मानून घेते, कारण पुढे मला हिशेबाचं बोलायचं आहे आणि हिशेबानंतर आभार मानले की ते वेगळेच वाटतात. तर मनापासून आभार. आठवीत असताना मला मिळालेली गोधडी अजून घरी आहे. माझी माय ती कुणाला देत नाही.

आता हिशेब. आपल्या वार्तापत्राचे जुने अंक मी वाचले. पाट्या, गणवेश, ब्लँकेट, दवाखान्याची शिबिरं, सगळं त्यात आहे आणि ते हवंच. पहिलीतल्या लेकराच्या हातात पाटी दिली की फोटोही छान येतो. पण तेच लेकरू बी.एस्सी. होऊन बावीस वर्षांचं होतं, तेव्हा त्याला काय लागतं हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याचा फोटोही काढण्यासारखा नसतो. ते झेरॉक्सच्या दुकानासमोर रांगेत उभं असतं.

देशाच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साली सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी मोजले गेले. त्यांत अनुसूचित जमातींचे २७ लाख १० हजार, म्हणजे शंभरात सहा. लोकसंख्येत आपण शंभरात साडेआठच्या वर आहोत. आणि ही सगळ्या महाविद्यालयांची एकत्र बेरीज आहे. बी.ए.चं पहिलं वर्ष करणारे आणि पीएच.डी. करणारे त्यात एकाच ओळीत बसतात. वर जाता जाता रांग कशी बारीक होते ते इथल्या पालकांना आकड्यांशिवायही कळतं. बारावीला तुमच्या मुलीबरोबर गावातल्या किती मुली होत्या आणि एम.ए.ला किती उरल्या, मोजून बघा.

माझे बाबा वनमजूर होते. मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प १९७४ साली झाला. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. तेव्हापासून या जंगलात अभ्यास करायला बाहेरची माणसं येत राहिली. वाघाची आली, गवताची आली, रानपिंगळ्याची आली. रानपिंगळा हा छोटा घुबडासारखा पक्षी. तो नाहीसाच झाला असं जग धरून चाललं होतं. १९९७ साली तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि नंतर आपल्या मेळघाटातही भरपूर सापडला. अशा पाहुण्यांना पहाटे चार वाजता कोणत्या नाल्याने न्यायचं, कुठे बसायचं, कुठे बोलायचं नाही, हे बाबांना ठाऊक. पाहुणे वहीत लिहायचे आणि बाबा पाण्याचा डबा धरून उभे राहायचे. पाहुणे चांगलेच होते, बाबांना मान द्यायचे, एकाने तर जाताना बूट दिले. पण झाडाचं नाव बाबा कोरकूत सांगायचे आणि ते वहीत लॅटिनमध्ये उतरायचं. ती वही पुढे कुठे गेली हे आम्हाला कधी कळलं नाही.

भाषेचंही तसंच. आपल्या कोरकूचं एक व्याकरण १९०३ साली कलकत्त्यात छापलं गेलं. जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्याने ते लिहिलं. पुढे शिकागोचे नॉर्मन झाइड, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे नागराज, अशा विद्वानांनी या भाषेवर काम केलं. त्यांचे उपकारच आहेत. पण त्या पुस्तकांत कोरकू माणूस येतो तो शब्द सांगणारा म्हणून. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून आता पावसाळ्यातल्या रानभाज्यांवर पीएच.डी. करते आहे. तरोटा कधी खुडायचा, कुड्याच्या शेंगा कशा उकळून घ्यायच्या, हे सांगणारी माझी आजी आहे आणि लिहिणारी मी आहे. एवढंच माझ्या संशोधनात वेगळं आहे.

आता पैशाचं. मुलांनो, वही काढा. पालकांनो, तुम्हीही ऐका, कारण घरी तुम्हीच म्हणता, "काहून शिकते आता? बी.ए. झाली नं? पैसा कुठून आनू?"

सरकारचा पैसा आहे. तो कमी नाही. आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती एम.ए., एम.एस्सी.लाही मिळते. तिचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. ती २०१६-१७ पासून सुरू झाली. पुणे-मुंबई-नागपूरला राहिलात तर जेवण, खोली आणि इतर खर्चाला वर्षाला ६० हजार, अमरावतीसारख्या शहरात ५१ हजार, इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. पीएच.डी.ला गेलात तर केंद्राच्या जनजाती मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे. दरवर्षी देशभरातून ७५० जणांना मिळते. तिचे दर यूजीसीच्या दरांवर चालतात आणि ते दर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार असे आहेत. ३७ हजार! माझ्या बाबांनी कुठल्याही महिन्यात इतके पैसे पाहिले नाहीत. परदेशात शिकायचं तर राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. ती मात्र वर्षाला फक्त २० जणांना मिळते, साऱ्या देशातून. घरचं उत्पन्न सहा लाखांच्या आत लागतं आणि वय पस्तिसाच्या आत.

मग अडतं कुठे? अडतं ते हा पैसा हातात पडेपर्यंत.

माझं सांगते. पीएच.डी.ची नोंदणी झाली. मग फेलोशिपची जाहिरात यायची वाट. मग अर्ज. मग यादी. यादीत नाव आलं तेव्हा घरी आम्ही कोंबडा कापला. मग रुजू झाल्याचं पत्र, बँकेचं पत्र, मार्गदर्शकांची सही, विभागाचा शिक्का, पुन्हा एक सही. एका कार्यालयात माझे कागद नुसते पडून राहिले. का, ते कुणी सांगितलं नाही. नाव लागल्यापासून पहिला पैसा यायला अकरा महिने गेले.

अकरा महिन्यांनी सगळी थकबाकी एकदम आली. चार लाखांच्या वर. बँकेतल्या बाई माझ्याकडे दोनदा बघू लागल्या. पण त्या अकरा महिन्यांत खोलीचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचंच होतं, मेसवाल्या काकूंनाही द्यायचंच होतं. खोली अडीच हजार, मेस तीन हजार, आणि गावोगाव फिरून नमुने गोळा करायचे तर एस.टी. अमरावतीहून परतवाडा, तिथून घटांगवरून इकडे, म्हणजे शंभर किलोमीटर एका बाजूने. ज्यांचे वडील पगारदार आहेत त्यांना हे अकरा महिने दिसतही नाहीत. वडील खर्च करतात, मुलगा शिकतो, पैसा आला की गाडी घेतो. आमच्यातली मुलगी तिसऱ्या महिन्यात गावी परत येते. चौथ्या महिन्यात तिचं लग्न ठरतं. कागदावर ती ‘संशोधन अपूर्ण’ म्हणून राहते आणि लोक म्हणतात, यांना सगळं फुकट मिळतं तरी हे शिकत नाहीत.

मी टिकले, कारण आपल्या मंडळाच्या दोन वडीलधाऱ्यांनी मला महिना पाच हजार रुपये उसने दिले. दहा महिने. पावती नाही, व्याज नाही. एका वहीत तारीख आणि माझी सही. थकबाकी आली तेव्हा मी दोन हप्त्यांत पन्नास हजार परत केले. त्यांना ते घ्यायला संकोच वाटत होता, पण मी आग्रह धरला. कारण तोवर तसंच वाट बघत बसलेलं दुसरं कुणीतरी मला माहीत होतं. ते पन्नास हजार आता तिसऱ्या मुलाकडे आहेत. तो इथेच बसला आहे, नाव घेत नाही, लाजेल.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. गणवेशाचा निधी तसाच राहू द्या. त्याच्या शेजारी एक छोटा फिरता निधी ठेवा, फक्त एम.ए.च्या पुढच्यांसाठी. दान म्हणून नको. उसने म्हणून द्या. फेलोशिप आली की परत. दान घेतलेल्या मुलाला वर्षाअखेरीस आभाराचं पत्र लिहावं लागतं. उसने घेतलेला मुलगा मान वर करून येतो. ज्याची फेलोशिप शेवटी आलीच नाही त्याचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात असेल. तो मलाही आहे. नोकरी लागल्यावर थोडे थोडे देईल असं माझं मत. काही पैसे बुडतील. बी पेरतानाही काही बी पाखरं खातात, आपण पेरणी थांबवत नाही.

दुसरं, कागदांचं. जातीचा दाखला सगळ्यांकडे असतो. अडतं ते जात वैधता प्रमाणपत्रावर. आपल्या भागातल्या मुलांसाठी तपासणी समिती अमरावतीला आहे. तिथे जुना पुरावा लागतो आणि ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा असेल तर काम सोपं होतं. आता मला सांगा, १९५० आधी इथल्या किती आजोबांनी शाळा पाहिली? माझ्या आजोबांनी नाही पाहिली. मग कोतवाल बुकाची नक्कल शोधा, जमिनीचे जुने अभिलेख शोधा, चुलत आजोबांच्या शाळेतलं दाखलखारीज रजिस्टर शोधा. एका मुलाने तीन तहसिलींच्या खेपा घातल्या. शेवटी त्याचा पुरावा दूरच्या गावातल्या शाळेत मिळाला. रजिस्टर वाळवीने अर्धं खाल्लं होतं. नाव उरलं होतं.

इथे मंडळीने करण्यासारखं एक काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. मिशनच्या जुन्या शाळा, वसतिगृहं, दवाखाने ज्या गावांत होते तिथली रजिस्टरं कुठल्या तरी कपाटात असतील. त्यांत मुलांची नावं, बापाची नावं, गाव आणि जमात लिहिलेली असेल. ती कपाटं उघडा. पानं नीट करा, गावांप्रमाणे यादी करा, आणि कुणी मागितली तर प्रमाणित नक्कल द्या. शंभर वर्षांपूर्वी ज्याने ‘कुरकू’ असं एका ओळीत लिहून ठेवलं, त्याच्या त्या ओळीवर आज एखाद्या मुलीचा प्रवेश टिकू शकतो.

आता पालकांचा प्रश्न. "एवढं शिकून नोकरी केव्हा?" हा प्रश्न चुकीचा नाही आणि मुलांनी त्यावर रागावू नये. ज्या घरात होळी झाली की पुन्हा कामाला बाहेर जायचं असतं, त्या घराने हा प्रश्न विचारायचाच. माझं मत सांगते. सगळ्यांनी पीएच.डी. करू नये. विषयाची ओढ नसताना नुसत्या फेलोशिपसाठी नोंदणी केलेले मी पाहिले आहेत, पाच वर्षांनी त्यांच्या हातात ना प्रबंध ना नोकरी. प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट किंवा आपल्या राज्याची सेट द्या, पण तेवढंच धरून बसू नका. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना आराखडा करणारी, हिशेब ठेवणारी, ग्रामसभेचा ठराव नीट लिहिणारी शिकलेली माणसं हवी आहेत. दवाखान्यात डॉक्टरांचं बोलणं आजीला कोरकूत समजावणारं कुणी हवं. ही कामं आज बाहेरून आलेली माणसं करतात. ती चांगली करतात. तरी ती बदलून जातात.

आणि बाहेर जायला घाबरू नका. बुलढाणा जिल्ह्यातले राजू केंद्रे विद्यार्थिदशेत इथे मेळघाटात काम करत होते. पुढे ते टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकले, मग चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. त्यांनी यवतमाळला सुरू केलेली एकलव्य ही संस्था खेड्यातल्या मुलांना पदवीच्या शेवटच्या वर्षातच मोठ्या विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांसाठी तयार करते. त्या कामातून मला एक गोष्ट पटली. आपली मुलं परीक्षेत कमी पडतात त्याहून जास्त माहितीत कमी पडतात. अझीम प्रेमजी विद्यापीठात घरच्या उत्पन्नावरून फी माफ होते, हे ठाऊकच नसेल तर अर्ज कोण करेल?

मंडळीच्या लोकांना जयपालसिंग मुंडा यांचं नाव ठाऊक असेल. रांचीकडच्या खेड्यातला मुलगा. तिथल्या सेंट पॉल शाळेचे मुख्याध्यापक पाद्री कॉसग्रेव्ह यांनी त्याला इंग्लंडला नेलं, तो ऑक्सफर्डला शिकला. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला भारताच्या हॉकी संघाचा तो कप्तान होता, आणि पुढे संविधान सभेत आदिवासींच्या बाजूने उभा राहून बोलला. त्यांची मुंडारी आणि आपली कोरकू या एकाच कुळातल्या भाषा, आपली त्यातली सगळ्यात पश्चिमेकडची. कॉसग्रेव्हांनी त्याला शाळेत शिकवलंच होतं, पण शाळा संपल्यावरही सोडलं नाही. मी मघापासून हेच मागते आहे.

परदेशाच्या अर्जाचंही गणित तेच आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर सरकार फी देतं, अमेरिकेत राहायला वर्षाला १५,४०० डॉलर देतं, विमानभाडं देतं. पण त्याआधी इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा द्यावी लागते. तिची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. पासपोर्टचे पैसे वेगळे. विद्यापीठांच्या अर्जाचे पैसे वेगळे. हा खर्च आधी करायचा आणि निवड झाली नाही तर तो गेला. पंधरा लाखांच्या शिष्यवृत्तीच्या दारात मुलगी वीस हजारांसाठी उभी राहते.

आता या मेळाव्याबद्दल. आधी असे मेळावे अमरावतीला व्हायचे. सभागृह, पंखे, पाहुण्यांचे सत्कार, नारळ, शाल. मुलं यायची, पण माय-बाबा यायचे नाहीत. इथे सेमाडोहला घेतल्यावर माझ्या समोर आज माय-बाबा बसले आहेत, सिपनाकाठची गावं आली आहेत, हे पहिलं काम झालं. मुलगी पुण्याला जाणार तर तिच्या मायला पुण्यात शिकणाऱ्या दुसऱ्या मुलीशी बोलता यायला हवं. ती कुठे राहते, रात्री काय खाते, आजारी पडली तर कोण. हे माझ्या भाषणाने होत नाही, जेवणाच्या पंगतीत होतं. म्हणून जेवण घाईने उरकू नका.

सत्कार थोडे कमी करा, असं आयोजकांना प्रेमाने सांगते. गेल्या खेपेला सर्वांत उपयोगाचं काय ठरलं असेल, तर परतवाड्याहून आणलेलं झेरॉक्स मशीन आणि जनरेटर. दोन लॅपटॉप आणि एक स्कॅनर. हरिसालला २०१६ साली डिजिटल गाव म्हणून मान मिळाला, तिथून आपण फार लांब नाही. पण इथे फॉर्म भरताना मोबाईल हातात धरून आजही कोणत्या टेकाडावर चढायचं हे मुलांना विचारा. म्हणून आज फॉर्म इथे कागदावर भरून घेणार आहोत, कागदपत्रं स्कॅन करून ठेवणार आहोत, आणि उद्या दोघं जण परतवाड्याला जाऊन ते सगळे ऑनलाइन चढवतील. ओटीपीसाठी ज्याचा नंबर दिला त्याने उद्या फोन चालू ठेवायचा आणि रेंजमध्ये राहायचं. गेल्या वेळी एकाचे बाबा मोबाईल घेऊन रानात गेले होते.

तर जेवणानंतर असं करायचं. डाव्या बाजूच्या टेबलावर मॅट्रिकोत्तर आणि स्वयम्. आधार, बँकेचं पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला लागेल. आधार बँकेला जोडलेलं आहे की नाही ते आधी बघून घ्या. मधल्या टेबलावर वैधता. ज्यांनी दाखलखारीजची किंवा कोतवाल बुकाची नक्कल आणली आहे त्यांनी आधी यायचं. ज्यांनी आणली नाही, त्यांनी आजोबांचं आणि पणजोबांचं नाव, गाव, आणि चुलत घराण्यात कोण शाळेत गेलं होतं ते आठवून ठेवायचं. आजी बरोबर असेल तर तिलाच पुढे बसवा, तिला सगळं ठाऊक असतं. उजव्या टेबलावर मी आहे, एम.ए.च्या पुढचं काहीही विचारायचं असेल तर. मंडळीच्या ज्या वडीलधाऱ्यांना फिरत्या निधीबद्दल बोलायचं आहे त्यांच्यासाठी एक कोरी वही त्याच टेबलावर ठेवली आहे.

दुपारची परतवाड्याची गाडी चुकली तर मुक्कामाची सोय शाळेत आहे.